सातवं फूल

मी कार्डं करायला हौसेनं बसलो, असा समज आमच्या इमारतीत पसरला आहे. तो आधी खोडून काढतो. चौतीस वर्षं मी तांत्रिक शाळेत यंत्रांची रेखाटनं शिकवली. नट, बोल्ट, दातेरी चाकं, पाइपाचा आडवा छेद. या काळात मी एकही फूल काढलं नाही, आणि फुलं काढणाऱ्या चित्रकलेच्या बाईंशी शिक्षकांच्या खोलीत बेताचंच बोललो. तेव्हा वयाच्या सत्तराव्या वर्षी माझ्या हातून ट्यूलिपची एकशे अडुसष्ट फुलं छापली गेली, त्याला कारण तसंच होतं.

कारण माझा थोरला भाऊ, यावोर.

दादाशी माझं सात वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे माणूस गेलं की फोटो, नाव, तारीख घालून काळ्या चौकटीची पत्रकं छापतात. ती दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर चिकटवतात, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं असतात. आईच्या पत्रकावर शोकाकुल फक्त मी आणि माझे कुटुंबीय. थोरल्या मुलाचं नावच नाही. छापणाऱ्या दुकानातल्या बाईनं एक ओळ गाळली. होतं असं कधी कधी. दादा तेव्हा साठी उलटूनही परदेशात ट्रक चालवायचा. तो अंत्यविधीच्या सकाळी येऊन पोचला, बसमधून उतरला आणि थांब्यावरच त्यानं ते पत्रक वाचलं. थडग्यापाशी तो माझ्यापासून चांगला चार हात लांब उभा राहिला, आणि संध्याकाळी न जेवता ग्लोगोवोला, आपल्या घरी, निघून गेला.

यंदा मार्चमध्ये आमच्या तेमेनुगाआत्यानं बातमी आणली. दादाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, ईस्टरच्या आधीच्या बुधवारी. दादाचं वय शहात्तर, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली.

आता आमच्या घराण्यात नावं ठेवायची ती झाडाफुलांचीच, अशी पद्धत. आम्ही दोघे भाऊ दोन झाडं, मी यासेन आणि तो यावोर. बायको नेवेना हे फूल. आत्या हे फूल. खालच्या मजल्यावरचा करामफिल हाही फूलच, फक्त हे फूल रेल्वेतून निवृत्त झालंय आणि मिशा राखून आहे. या सगळ्यांच्या नावाचा सण एकाच दिवशी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, फुलांच्या रविवारी. नावाच्या सणाला आमच्याकडे आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला कुणी दारातून परत पाठवत नाही.

"म्हणजे तुला जायला दार उघडं आहे," नेवेना म्हणाली. "जा की त्याच्याकडे!"

"तो थोरला आहे. त्यानं बोलवायला नको?"

"नावाच्या दिवशी कुणी बोलावतं का रे? लोकांच्या पोरांना शहाणं करत होतास ना इतकी वर्षं?"

"मी कार्ड पाठवतो."

"फोन कर."

"कार्ड. हातानं केलेलं."

इथवर ठीक होतं. पण रात्री अंथरुणात विचार केला, एकट्या दादालाच कार्ड पाठवलं तर ते नाक घासत गेल्यासारखं दिसेल. हेच कार्ड अठ्ठावीस जणांना गेलं, आणि त्यातलं एक त्याला गेलं, तर ती नुसती रीत झाली. सकाळी मी अठ्ठावीस नावांची यादी केली. नेवेनानं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बटाटे सोलायला घेतले. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली की न बोललेलंही ऐकू येतं.

छापायचं तर ठसा हवा. शेगडीमागे जमिनीवर घालायच्या जाड लिनोलियमचा एक जुना तुकडा चिकटलेला होता, तो मी काढला. (त्यामागे जे निघालं त्यावरून दोन दिवस आमच्यात वेगळा वाद झाला, तो इथे सांगत नाही.) त्यावर मी तीन ट्यूलिप कोरायला घेतले. कंपासनं आखून, प्रत्येक पाकळीची त्रिज्या ठरवून. चार दिवस गेले आणि डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत गेली. जिन्यात बातमी पसरलीच. तिसऱ्या मजल्यावरच्या इग्लिकाबाई, नावानं याही फूलच, वय एक्याऐंशी, रोज खाली उतरताना दारात थांबून विचारायच्या, "मास्तर, चकचक लावणार का? दुकानात मिळतात त्यांना चकचक असते." मी नाही म्हटलं की "मग कसलं कार्ड!" म्हणून पुढे जायच्या.

ठसा पूर्ण झाल्यावर नेवेनानं तो हातात घेतला, ओठ हलवत फुलं मोजली. "तीन. हां, बरोबर," असं म्हणून तिनं बॅग उचलली आणि बहिणीच्या कमरेचं काही निघालं होतं म्हणून आठवडाभर तिच्याकडे गेली. जाताना तिला वाटलं असणार, ठसा तयार आहे, आता काय बिघडणार आहे?

पहिलं कार्ड छापलं आणि माझी झोप उडाली. कागद मधून दुमडायचा होता. उघडल्यावर उजव्या पानावर तीन ट्यूलिप, डावं पान कोरं. ज्यानं जन्मभर मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हे बघून पोरांना गुण दिले, त्याला ते कोरं पान कसं बघवेल? पण आणखी तीन फुलं कोरायची म्हणजे आणखी चार दिवस, आणि बोटं आता आठच शिल्लक.

"अहो, परत कशाला कोरताय?" करामफिल म्हणाला. तो अधूनमधून येऊन काम पाहून जायचा. "शाई ओली असतानाच घडी घाला, वर वजन ठेवा. इकडचं तिकडे उमटेल. काय समजलात?"

वजन त्याच्याकडेच होतं. त्याच्या तळघरातल्या पिंपात हिवाळाभर कोबी आंबत असतो, आणि त्यावर ठेवायचा एक पसरट दगड आहे, त्याच्या आजोबांचा. दगड त्यानं धुऊन आणला. कितीही धुतला तरी चाळीस हिवाळ्यांचं खारं पाणी प्यायलेला दगड तो. घडी घातली, दगड ठेवला, दहा मिनिटांनी कागद उघडला. दोन्ही पानांवर ट्यूलिप! मी पट्टी लावून पाहिली. डावीकडचं फूल मध्यरेषेपासून जेवढं लांब, उजवीकडचंही तेवढंच लांब, केसाचाही फरक नाही. मला भरून आलं, सांगायला लाज कशाला वाटायची? करामफिल मिशीवर हात फिरवत म्हणाला, "रेल्वेत डोकं वापरावं लागतं, मास्तर."

अठ्ठावीस कार्डं झाली. पाकिटंही मीच केली, कार्डाच्या मापाची, चौकोनी.

गुरुवारी सकाळी गावातली तेरा पाकिटं मी ज्याच्या त्याच्या पेटीत टाकली आणि बाहेरगावची पंधरा घेऊन पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईनं एक पाकीट फिरवून फिरवून पाहिलं.

"हे चौकोनी आहे."

"चौरस," मी दुरुस्ती केली.

"यंत्रात लांबट जातं. चौकोनी हातानं काढावं लागतं. जादा तिकीट लागेल."

"बाई, चारही बाजू समान असणं हा दोष कधीपासून झाला?"

"नियम आहे," ती म्हणाली, आणि पाकीट नाकाजवळ नेऊन थबकली. "यात काही खायचं आहे का?"

मी जादा तिकिटं लावली, पाकिटं पेटीत टाकली आणि ताठ मानेनं घरी आलो. त्या दिवशी मी जेवलोही दोन घास जास्त.

एक वाजता बेल वाजली. दारात इग्लिकाबाई. कार्ड दोन बोटांच्या चिमटीत, शरीरापासून लांब धरलेलं.

"मास्तर, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"नाही, जिन्यात मी पायपुसणं झटकते ते तुम्हाला चालत नाही, ठाऊक आहे मला. पण म्हणून एकदम हे?"

"आवडलं नाही का? चकचक नाही म्हणून?"

"मोजा."

"काय मोजू?"

"फुलं मोजा, मास्तर! मोजता येतं ना?"

मी मोजली. डावीकडे तीन. उजवीकडे तीन.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की जित्या माणसाला फुलं द्यायची ती एक, तीन, पाच, सात. दोन, चार, सहा ही मेलेल्यांची. थडग्यावर ठेवतात ती. फुलवालीसुद्धा आधी विचारते, "कुणाकडे नेताय?" आणि मग मोजते. मी अठ्ठावीस जिवंत माणसांना, त्यांच्या नावाच्या सणाला, हातानं करून, थडग्यावरची फुलं पाठवली होती.

"ही चूक करामफिलची आहे," मी म्हणालो. "घडी घालायला त्यानं सांगितलं."

करामफिल नेमका जिन्यात होता. तो तिथूनच ओरडला, "घडी घाला म्हटलं मी! मोजू नका असं कुठं म्हटलं?"

"कोबीचा वासही येतोय," इग्लिकाबाई म्हणाल्या. "तो कुणाचा?" त्यावर दोघांचं जुंपलं. पण मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच पाकीट होतं. सात वर्षांनी धाकट्या भावाचं कार्ड येतं, बुधवारी छाती उघडायची आहे, आणि आत सहा फुलं. मी चपलांवरच पोस्टाकडे पळालो.

"पत्र परत हवंय," मी खिडकीवर धापा टाकत म्हणालो.

"पेटीत टाकलं होतं?"

"हो."

"मग ते तुमचं राहिलं नाही. ज्याचं नाव वर आहे त्याचं."

"माझ्या भावाचं आहे हो!"

"मग भावाचं." तिनं एक अर्ज पुढे सरकवला. "हा भरा."

अर्जात सगळं होतं. पाठवणाऱ्याचं नाव, पाकिटाचा आकार (इथे मी 'चौरस' लिहिलं, माणसानं संकटातही नेमकेपणा सोडू नये), आणि शेवटी 'पत्र परत मागण्याचे कारण'. मी लिहिलं, 'फुलांची संख्या'. बाईनं ते वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"किती आहेत?"

"सहा."

"आणि भाऊ कसे आहेत तुमचे?"

"बुधवारी हृदयाचं ऑपरेशन आहे."

तिनं पेन खाली ठेवलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "अहो मास्तर, काय हे करून बसलात!" मग ती स्वतः उठून आत गेली, कुणाला तरी फोन केला, कुणाशी तरी वाद घातला, आणि खांदे पाडून परत आली. थैली अकरालाच गेली होती. तरी तिनं माझ्या अर्जावर शिक्का मारला. "उत्तर तीस दिवसांत येईल," ती हळू आवाजात म्हणाली. तिच्या हातात तेवढंच होतं.

संध्याकाळी नेवेना परत आली. मी तिला सगळं सांगितलं. करामफिल, घडी, दगड, सगळं. तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि पाठमोरीच म्हणाली, "तेव्हा छापणारी बाई. आता करामफिल. तुझ्या हातून कधीच काही होत नाही, नाही का रे?"

मी म्हटलं, "ते यात कुठं आणतेस?"

शुक्रवार, शनिवार मी लाल पेन्सिल खिशात घालून गावभर फिरलो. सातवं फूल काढायचं ते घडीवर, बरोबर मध्यरेषेवर. म्हणजे आकडा सुटतो आणि डावं-उजवंही बिघडत नाही. तेमेनुगाआत्यानं रक्तदाब मोजून घेतला होता आणि पांघरूण घेऊन पडली होती. मी फूल काढल्यावर उठली, पुन्हा रक्तदाब मोजला, तो तेवढाच निघाला, तर म्हणाली, "मग आणखी दोन काढ." दाताच्या डॉक्टरांनी कार्ड दवाखान्यात लावलं होतं. त्यांनी मोजलंच नव्हतं, खूश होते. मी सांगितल्यावर मोजलं आणि ताबडतोब काढून टाकलं. म्हणजे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही मी घरी जाऊन कळवून आलो. बाहेरगावच्यांना फोन केले, "घरात लाल पेन्सिल आहे का?" असं विचारत. त्यातल्या दोघांनी 'मास्तरांचं डोकं ठीक आहे ना' म्हणून नंतर नेवेनाला फोन केला. शनिवारी दुपारपर्यंत सत्तावीस जणांचा निकाल लागला. दादाचा फोन मी सहा वेळा फिरवायला घेतला आणि खाली ठेवला. असल्या गोष्टी फोनवर कशा सांगणार?

रविवारी सकाळी देवळातून, या सणाला डोक्यावर घालतात ती, विलो झाडाच्या डहाळ्यांची कडी घेतली आणि आम्ही दोघं ग्लोगोवोच्या बसमध्ये बसलो. बसभर माणसं डोक्यावर डहाळ्या घालून, मांडीवर फुलं घेऊन बसली होती. माझ्या मांडीवर काही नव्हतं. खिशात पेन्सिल होती.

आणि आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण मघाशी मी ती खोटी सांगितली. ती ओळ दुकानातल्या बाईनं गाळली नव्हती. मजकूर मी लिहून दिला होता. आई सहा महिने अंथरुणावर होती. तिला कुशीवर वळवायचो मी, भरवायचो मी, धुवायचो मी. दादा रविवारी फोन करायचा. तिकडून पैसे मिळवून आणल्याशिवाय त्याचं घर चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण ती गेली त्या दिवशी मला ते माहीत असायला नको होतं. मला राग हवा होता. मी चौकटीचा कागद घेतला, पट्टीनं ओळी आखल्या आणि एकट्याचं नाव घातलं. वाटलं, तो येईल, जाब विचारेल, मग मी त्याला सगळं सुनावेन. त्यानं विचारलंच नाही. मग लोक विचारू लागले, तेव्हा मी त्या बाईचं नाव पुढे केलं, आणि सात वर्षं तेच सांगत राहिलो. शेवटी शेवटी मला स्वतःलाही ते खरं वाटायचं.

दादाच्या दाराला कडी लावलेली नव्हती. तो टेबलाशी बसला होता. वाळला होता, गळ्याची कातडी सैल पडली होती. समोर ताटलीत तळलेले मासे, आणि मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेलं माझं कार्ड.

"दादा, नावाच्या सणाच्या शुभेच्छा," मी उंबऱ्यातून म्हणालो.

"कोबीचा वास येतोय याला," तो म्हणाला. सात वर्षांतलं पहिलं वाक्य.

"तो दगड करामफि..." माझ्या मागे नेवेना उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला. मी थांबलो. "दादा, चूक झाली. माझी."

"कोणती?"

मी पेन्सिल काढली. "फुलं. ती सहा..."

त्यानं कार्ड उचलून माझ्यासमोर उघडलं. घडीवर, मधोमध, निळ्या पेननं एक फूल काढलेलं होतं. काडीला बटाटा खोचल्यासारखं.

"ते मी भागवलं," तो म्हणाला. "छाती बिघडलीय, मोजता येतं अजून. दुसरी कोणती?"

मी खुर्ची ओढली. बूडही खुर्चीला नीट टेकलं नाही तोच मी बोलून टाकलं. "ती ओळ त्या बाईनं गाळली नव्हती."

"माहीत आहे मला."

तो टेबलाला धरून उठला, कपाटाचा खण ओढला आणि त्यातून एक चौकटीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझं अक्षर. सरळ, उभं, प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं. आमच्या जिल्ह्यातले निम्मे मेकॅनिक ते अक्षर झोपेतही ओळखतील.

"तिसऱ्या दिवशी गेलो होतो त्या बाईशी भांडायला," दादा म्हणाला. "तिनं हा कागद काढून दिला. रडत होती बिचारी. म्हणाली, दिलं तसंच छापलं हो."

"आणि तू सात वर्षं काही बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

नेवेना दारातच उभी होती, विलोचं कडं हातात धरून. मग दादा खाली बसला, दम खाल्ला, आणि कागदावर बोट ठेवलं.

"बुधवारी मला टेबलावर घेणार. परत आलो तर आलो. नाही आलो, तर माझं पत्रक तूच लिहिणार, दुसरं कोण आहे मला? तेव्हा आधी हे नीट कर."

मी कागद जवळ ओढला. तेव्हा मला दिसलं की माझ्या नावाच्या वर मी एक ओळ आखून ठेवली होती. बारा मिलिमीटर, पट्टीनं. कोरी. आखताना हातानं जागा सोडली होती आणि लिहिताना मी ती भरली नव्हती. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. खिशात लाल पेन्सिलच होती. तिनं मी लिहिलं, 'मुलगा यावोर'. शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलं.

दादानं कागद घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ वाचला.

"वाकडं आलंय," तो म्हणाला.

"पुन्हा लिहू?"

"राहू दे." त्यानं कागदाची घडी घातली, ती कार्डाच्या आत सरकवली आणि कार्ड परत मिठाच्या बरणीला टेकवलं. "नेवेना, उभी काय राहिलीस गं? मासे गार होतायत. ताटल्या घे. तीन."